नायगाराचं तिकीट

लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असाल तर दांडी नीट धरा, आज आपण धबधब्यावर जातोय.

गेल्या उन्हाळ्यात आबा माझ्याकडे न्यू जर्सीला आले होते. घरचे अमेरिकेला आले की त्यांना नायगारा दाखवायचाच, हा आपल्या लोकांचा अलिखित नियम. सात तास गाडी हाणून पोचलो, पार्किंगचे पैसे भरले, तर आबा खिसा चाचपत म्हणाले, "तिकीट कुठं काढायचं?"

म्हटलं, "आबा, बोटीला तिकीट आहे. धबधबा बघायला नाही."

"एवढा मोठा, आणि फुकट?" त्यांना पटेचना.

आबांची शंका बरोबर होती. दीडशे वर्षांपूर्वी इथं काठावरची जमीन खासगी मालकांची होती. गिरण्या, दुकानं, कुंपणं. अमेरिकेच्या बाजूनं पैसे न मोजता धबधबा दिसेल अशी जागाच उरली नव्हती. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्याच्यासारखे काही लोक 'नायगारा मोकळा करा' म्हणून वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. शेवटी १८८५ मध्ये कायदा झाला. न्यूयॉर्क राज्यानं १४ लाख डॉलरहून जास्त मोजून सुमारे ४१२ एकर जागा घेतली (त्यातली ३०० एकरांहून जास्त चक्क पाण्याखाली!) आणि १५ जुलै १८८५ ला ती सगळ्यांसाठी उघडली. अमेरिकेतलं सर्वांत जुनं स्टेट पार्क म्हणून जे ओळखलं जातं, ते हेच.

इथवर गोष्ट छान आहे. पण काठ मोकळा झाला, पाणी नाही.

१९५० मध्ये अमेरिका आणि कॅनडानं करार केला. पर्यटनाच्या मोसमात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार पुरे. उरलेलं पाणी वरच्या अंगालाच वळवून विजेसाठी. म्हणजे नायगारा टाइमटेबलवर चालतो हो! आम्ही सर्व्हरची कामं रात्री लावतो, अगदी तसंच.

परतताना लुइस्टनला थांबलो. तिथं रॉबर्ट मोझेस वीजकेंद्र आहे, १९६१ पासून चालू. रात्री विजेची मागणी कमी असते, तेव्हा पाणी पंपानं वरच्या जलाशयात चढवून ठेवायचं आणि दिवसा सोडून वीज करायची. पाण्याची पॉवर बँक म्हणा ना. इंजिनिअर म्हणून मी खूश.

पण जलाशयाला जमीन लागते. ती टस्करोरा लोकांची होती. हे मूळ अमेरिकी लोक नॉर्थ कॅरोलिनातून उत्तरेला आलेले. तिकडची जमीन विकून आलेल्या पैशातून त्यांनी इथली जमीन १८०४ मध्ये विकत घेतली होती. जलाशयासाठी मोजणीदार आले तेव्हा ते आडवे उभे राहिले, मग कोर्टात गेले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. का, ते ऐका. सरकारच्या मालकीची जमीन आदिवासींसाठी राखून ठेवलेली असती, तर त्या कायद्याचं संरक्षण मिळालं असतं. ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची, म्हणून कायद्याच्या व्याख्येत 'राखीव' नाही. मी निकाल तीनदा वाचला. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं आहे. सुमारे ५५० एकर गेली.

हे सगळं मी आबांना तिथं कठड्यापाशी उभा राहून सांगत होतो, मोठ्या उत्साहानं. आणि मधेच माझी जीभ अडली. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात आहे. आबा तेव्हा चार-पाच वर्षांचे. त्यांना गावातलं काही म्हणता काही आठवत नाही, फक्त बैलगाडीत भांड्यांच्या ढिगावर बसल्याचं आठवतं. लहानपणी लाइट गेली की ते हसत म्हणायचे, "आपल्याच गावची वीज, आणि आपल्यालाच नाही."

आबा बराच वेळ खाली नदीकडे बघत राहिले. मग विचारलं, "त्यांना बदल्यात जमीन दिली का रे?"

"नाही. पैसे दिले."

"हं," म्हणाले. "चल, तुला लांब जायचंय. अंधार पडायच्या आत निघू."