दुपारचा एक तास

मंडळाच्या स्मरणिकेसाठी "मुलाबाळांच्या आईने वेळ कसा काढावा" या विषयावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. जिला हा लेख लिहायलाच पंधरा दिवस वेळ सापडला नाही, तिने इतरांना काय सांगावे? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मंडळाच्या कपाटातली पुस्तके वाचण्याची मला गोडी आहे. आपल्या आधीच्या बायकांनी वेळ कसा काढला याच्या हकिकती मी त्यांत वाचल्या. त्याच येथे सांगते.

आधी माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी एक वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवले होते. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक कामाला वेळ नेमून दिली. चार दिवस सारे ठीक चालले. पाचव्या दिवशी धाकटीला ताप आला. सहाव्या दिवशी नळ रात्री बाराला आला. सातव्या दिवशी मी तो कागद काढून टाकला आणि मनाशी म्हटले, आपणच आळशी. हा समज पुष्कळ दिवस माझ्या मनात होता. जुन्या हकिकती वाचल्या, तेव्हा तो गेला.

आपल्या आज्या-पणज्यांपाशी घड्याळ नव्हते, पण त्यांचा दिवस काटेकोर होता. कोंबडा आरवला की जाते सुरू. घरातल्या दहा माणसांचे पीठ उजाडायच्या आत पडलेच पाहिजे. मग सडा, पाण्याचे गुंड, भाकरी, आणि पुढे शेत. पहाटेच्या त्या अंधारातच त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यावरून समजावे की, किती बायकांची किती वर्षे त्या दोन दगडांपाशी गेली! त्यांना वेळाचे नियोजन कोणी शिकवायला नको होते. नियोजन पुरेपूर होते; नव्हता तो स्वतःचा म्हणावा असा वेळ.

तो वेळ प्रथम कोणी पाहिला? पुण्यास १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सर्व जाणतो. परंतु १८५५ साली त्यांनी शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, ही गोष्ट आपण क्वचितच बोलतो. मला ती फार मोठी वाटते. दिवसभर राबणाऱ्या बाईला "तू शाळेच्या वेळेला ये" असे न म्हणता, त्यांनी शाळाच तिच्या वेळेला नेली.

दुसरी हकिकत रमाबाई रानडे यांची. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकवायला आरंभ केला, तो रात्री. दिवसा मोठ्या घरातली कामे आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष, आणि सर्व निजानीज झाल्यावर पाटी-पुस्तक. अशा रीतीने शिकलेल्या या बाईंनी १८८४ साली पुण्यास मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी भाषण गव्हर्नरसाहेबांपुढे वाचून दाखवले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ते आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा तरी वाचावे.

पुढे १९०१ साली न्यायमूर्ती वारले. १९०९ साली रमाबाईंच्या पुढारपणाखाली पुण्याच्या रानडे वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मोठे सहकारी. तेथे प्रौढ बायकांना लिहिणे-वाचणे, शिवण, आजाऱ्यांची शुश्रूषा असे विषय शिकवीत. हे वर्ग दुपारी भरत, कारण सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर आणि संध्याकाळचा दिवा लागण्याआधी तेवढाच वेळ संसारी बाईपाशी असे. पुढे यातूनच परिचारिका आणि शिक्षिका तयार झाल्या.

मला येथे एक विचार सुचतो, तो माझा मी लिहिते. ज्या बाईंनी स्वतः झोप मोडून विद्या मिळवली, त्यांनी "मी जागले, तुम्हीही जागा" असे म्हटले नाही. वर्ग दुपारी ठेवला. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट होते. सासू म्हणते, "आम्ही चार वाजता उठत होतो, तुम्हाला काय झाले?" भगिनींनो, आपण सासवा होऊ तेव्हा हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये.

कोणी म्हणेल, ह्या पुण्याच्या गोष्टी. आमच्या वऱ्हाडात काय? तर ऐका. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या, आणि त्यांत मजुरी करणाऱ्या पुष्कळ होत्या. सुलोचनाबाईंनी त्या काळात भरसभेत संततिनियमनाचा विषय काढला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना हक्काची रजा मिळावी, असा ठरावही तेथे झाला. पाठोपाठ होणारी बाळंतपणे आणि रजेवाचून काम, यांत बाईचे सारे आयुष्य खर्ची पडते, हे त्या बायकांनी ओळखले होते. पहाटे लवकर उठण्याने हा हिशेब सुटणारा नव्हता. तो ठरावाने आणि कायद्याने सोडवायचा होता. पुढे १९६१ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा सर्व देशासाठी झाला.

१९५९ साल मला असेच लक्षात ठेवण्यासारखे वाटते. त्या वर्षी १५ मार्चला मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसकण मारली. आज आपण वापरतो तो लिज्जत पापड तो हाच. त्यांच्या धंद्याची रीत पाहा. बहिणी सकाळी मळलेले पीठ घेऊन जातात, आपल्या घरी सवडीने पापड लाटतात, आणि दुसऱ्या दिवशी तोलून देऊन पैसे घेतात. मूल पाळण्यात असले तरी काम थांबत नाही. याच सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. पुढे शिट्ट्या मोजून आपण वरणभाताची वेळ ठरवू लागलो.

त्यानंतर पिठाची गिरणी आली, नळ आला, मिक्सर आला, गॅस आला. मग वाचलेला वेळ गेला कुठे? सरकारने २०१९ आणि २०२४ साली देशभर पाहणी करून लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात ते मोजले. घरकाम करणारी बाई त्यात २०१९ साली रोज सरासरी २९९ मिनिटे देत होती, २०२४ साली २८९. म्हणजे पाच तासांना थोडे कमी. पुरुषांत जे घरकाम करतात, त्यांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. पाच वर्षांत आपली दहा मिनिटे वाचली, आणि त्यांचीही नऊ वाचली! जात्याचा वेळ गेला, तो मुलांच्या शिकवणीत, डब्यात आणि मोबाईलवरच्या शाळेच्या निरोपांत भरला. रिकामी जागा दिसली की तीत सामान येऊन पडते, तसेच हे आहे.

शिवाय सर्वच आपल्या हाती नसते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले, तेव्हा यवतमाळच्या बायकांचे कोणते वेळापत्रक टिकले? टँकर येईल ती आपली वेळ. ज्या गावात पाणी वेळेवर येते, तेथल्या आईला निम्मे नियोजन आयते मिळते. म्हणून पाण्यासाठी अर्ज करणे, सभेत उभे राहून विचारणे, हेही वेळाच्या नियोजनातच मोडते, असे मला वाटते.

मी सातवीला शाळा सोडली, तेव्हा मी अभ्यासात मागे नव्हते. माहेरच्या गावी शाळा तेवढीच. आठवीसाठी दुसऱ्या गावी जायचे, म्हणजे सारा दिवस बाहेर. आई कापूस वेचायला जाई आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर. आईला मी दोष देत नाही. दिवसाचे तास तिच्यापाशीही तेवढेच होते. पण गावात दुपारचा एखादा वर्ग असता, तर मी भावाला मांडीवर घेऊनही बसले असते. १९०९ सालच्या पुण्याच्या बायकांना जे मिळाले, ते मला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनीही मिळाले नाही, हे वाचताना डोळ्यांत पाणी आले, ते लपवत नाही.

आता मी घरी काय करते ते सांगून पुरे करते. भिंतीवर वेळापत्रक नाही. भाजी रात्रीच निवडते, मुलांचे कपडे आणि दप्तर रात्रीच एका जागी ठेवायला लावते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. शोधाशोधीत जाणारा वेळ सर्वांत वाईट. जेवल्यावर आपले ताट ज्याने त्याने धुवावे, हा नियम मुलीला तसाच मुलाला, आणि आमच्या यजमानांनाही. आरंभी ते रागावले. आता मुलगा विसरला तर तेच आठवण करून देतात. आणि दुपारी तीन ते चार हा तास माझा. त्या तासात मी निवडत नाही, शिवत नाही, फोन घेत नाही. वाचते किंवा मंडळात येते. तो उरला म्हणून मिळालेला नाही. आधी बाजूला काढून ठेवला आणि घरात सर्वांना सांगून ठेवला, म्हणून मिळाला. न सांगता काढलेला तास घरातले कोणीही उचलून नेते.

आपले मंडळही दुपारीच भरते. आजवर मला ती केवळ सोय वाटे. आता तिच्यामागे रानडे वाड्यातल्या त्या बायका दिसतात. तेव्हा माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी या वेळेत आठवड्यातून दोन दिवस शिकण्याचा वर्ग काढावा. ज्यांची शाळा अर्धी राहिली, त्यांनी दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसावे. लहान मुले आणली तरी चालतील. त्यांना सांभाळायची पाळी आपण लावून घेऊ. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

चूकभूल द्यावी घ्यावी.