पुण्यातील जन्मसमूह अभ्यास

पुण्यातील जन्मसमूह अभ्यास : ठराविक काळात व ठराविक ठिकाणी जन्मलेल्या व्यक्तींची जन्मापासून वेळोवेळी तपासणी करून त्यांचे आरोग्य, शारीरिक वाढ व सामाजिक परिस्थिती यांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीस जन्मसमूह अभ्यास म्हणतात. एका वेळी केलेल्या पाहणीतून समाजाची त्या काळची स्थिती कळते. परंतु व्यक्तीच्या बालपणातील परिस्थितीचा तिच्या प्रौढपणातील आरोग्याशी कोणता संबंध आहे, हे तीवरून ठरविता येत नाही. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. भारतात असे जे मोजके अभ्यास झाले, त्यांत पुण्याच्या किंग एडवर्ड मेमोरियल (के.ई.एम.) रुग्णालयाने हाती घेतलेल्या दोन अभ्यासांना महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : पुण्यात सामाजिक पाहणीची परंपरा जुनी आहे. गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये शहरातील कुटुंबांची पाहणी केली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये, तर सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. फेरपाहणीचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला. कुटुंब हे या पाहण्यांचे एकक होते; व्यक्तीचा जन्मापासूनचा मागोवा घेणे हा त्यांचा हेतू नव्हता.

ब्रिटनमध्ये जेम्स डग्लस यांनी मार्च १९४६ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांपैकी ५,३६२ मुलांचा मागोवा सुरू केला. प्रसूतिसेवा व बाळंतपणाचा खर्च यांच्या पाहणीतून निघालेला हा अभ्यास त्या मुलांच्या वृद्धापकाळापर्यंत चालू राहिला. भारतात दिल्ली व वेल्लोर येथे १९६९ पासून जन्मलेल्या मुलांचे समूह अभ्यासासाठी निवडण्यात आले. इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी हार्टफर्डशर परगण्यात १९११ पासून ठेवलेल्या नवजात बालकांच्या वजनाच्या नोंदी शोधून काढल्या आणि जन्मतः व पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक असते, असे १९८९ मध्ये दाखवून दिले. प्रौढ वयातील रोगांचे मूळ गर्भावस्थेत असू शकते, हा विचार यातून पुढे आला.

पुणे बालक अभ्यास : के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे चित्तरंजन याज्ञिक यांना पुण्यातील मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांच्या तुलनेने कमी वयाचे व सडपातळ असल्याचे आढळले. लठ्ठपणा व उतारवय हीच या रोगाची कारणे मानल्यास याचा उलगडा होत नव्हता. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांचा शोध घेतला. या मुलांची जन्मतःची वजने रुग्णालयाच्या दप्तरात होती. चौथ्या वर्षी ३७९ मुलांना ग्लुकोज देऊन त्यांचे रक्त तपासण्यात आले. विशेष शुश्रूषेची गरज न पडलेल्या मुलांत, जन्मवजन जितके कमी तितके अर्ध्या तासानंतरचे ग्लुकोज व इन्शुलिन यांचे प्रमाण अधिक आढळले. आठव्या वर्षी ४७७ मुले तपासण्यात आली. इन्शुलिनला शरीराने पुरेसा प्रतिसाद न देणे, म्हणजे इन्शुलिन-रोध, ही अवस्था जन्मतः लहान व आठव्या वर्षी अंगाने मोठ्या असलेल्या मुलांत सर्वाधिक होती. एकविसाव्या वर्षी यांपैकी ३५७ जण पुन्हा तपासणीस आले. बालपणातील ग्लुकोज व इन्शुलिन-रोध यांवरून तारुण्यातील हृद्रोग-मधुमेहाच्या धोक्याचे अनुमान करता येते, असे त्यातून निष्पन्न झाले.

पुणे मातृपोषण अभ्यास : जन्मवजन कमी का, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या दप्तरात नव्हते, त्यासाठी मातेपासून आरंभ करणे आवश्यक होते. म्हणून १९९३ मध्ये शहराजवळच्या सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच मोजमापे घेऊन नवा अभ्यास सुरू झाला. साउथॅम्प्टनचे संशोधक बार्कर व कॅरोलाइन फॉल यांचे, तसेच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव यांचे त्यास साहाय्य लाभले. ७९७ गर्भिणींचा आहार व शेतीतील आणि घरातील श्रम यांच्या नोंदी घेण्यात आल्या. गर्भारपणापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सु. ४२ किग्रॅ. होते. अधिक श्रम करणाऱ्या मातांची बालके आकाराने लहान, तर दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके मोठी आढळली.

पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. भरले, साउथॅम्प्टनच्या बालकांचे ते ३.५ किग्रॅ. होते. मात्र ही तूट शरीराच्या सर्व भागांत सारखी नव्हती. स्नायू व उदरातील इंद्रिये बरीच लहान होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. या ठेवणीस ‘कृश-स्थूल’ बालक असे म्हणता येईल. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता होती. हे जीवनसत्त्व नैसर्गिक रूपात प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने शाकाहारी व दूधही बेताचेच मिळणाऱ्या कुटुंबांत ते अपुरे पडते. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक अम्ल अधिक व ब१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-रोध सर्वाधिक आढळला. गर्भिणींना शासनातर्फे लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या देण्यात येत असल्याने या निष्कर्षाकडे लक्ष वेधले गेले. अठराव्या वर्षी तपासलेल्या ६१९ जणांपैकी ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत ग्लुकोजचे प्रमाण सामान्यापेक्षा अधिक होते. त्यांतील बहुसंख्य मात्र सडपातळच होते.

मर्यादा व महत्त्व : रुग्णालयात जन्मलेली मुले सर्व शहराची प्रतिनिधी ठरत नाहीत. विवाहानंतर मुली गाव सोडतात, नोकरीसाठी मुलगे स्थलांतर करतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत काही जण गळतात. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे त्यांत कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी २०१२ पासून मातृपोषण अभ्यासातील मुलामुलींनाच, ते मातापिता होण्यापूर्वी, ब१२ देण्याचा प्रयोग करण्यात आला. अशा रीतीने अभ्यास तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला.

या संशोधनात रोगाच्या आरंभाचा शोध उत्तरोत्तर मागे सरकत गेला : प्रौढ रुग्णाकडून बालकाकडे, बालकाकडून गर्भाकडे आणि तेथून माता होण्यापूर्वीच्या मुलीच्या पोषणाकडे. मधुमेह हा केवळ मध्यमवयीन व्यक्तीच्या राहणीचा दोष आहे, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरली. पुण्याच्या पहिल्या समूहातील व्यक्तींनी आता पस्तिशी ओलांडली आहे. मधुमेह व हृद्रोग ज्या वयात प्रकट होऊ लागतात, त्या वयात त्यांचा प्रवेश होत असल्याने बालपणी वर्तविलेला धोका कितपत खरा ठरतो, हे त्यांच्या पुढील तपासण्यांवरूनच कळू शकेल.