विकणाऱ्याला काय ठाऊक होतं? घरखरेदीतल्या एका जुन्या कलमाची गोष्ट

आजचा भाग घराविषयी. नव्या नाही, दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या जुन्या घराविषयी. पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींमधले फ्लॅट सतत विकले जातात. मार्चमध्ये ताजा रंग दिलेली खोली बघून आपण व्यवहार करतो आणि जूनच्या पहिल्या झडीला भिंतीवर ओल फुटते. मग प्रश्न येतो, हे विकणाऱ्याने सांगायला नको होतं का?

मला हा प्रश्न इतिहासाचाही वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराची विक्री शेजारच्या चाळीस कुळांसमोर, त्या घराच्या दारात पुकारावी असं सांगितलंय. म्हणजे घराची कुंडली ज्यांना ठाऊक, त्यांच्यासमोरच सौदा! तिथे लपवणं अवघडच.

इंग्रजांच्या देशातलं सूत्र उलटं होतं: घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. विकणारा खोटं बोलला तर गोष्ट वेगळी. पण घराच्या दोषाबद्दल तो नुसता गप्प बसला, तर सहसा त्याला धरता येत नसे. गंमत बघा, त्याच इंग्रजांनी १८८२ मध्ये हिंदुस्थानसाठी मालमत्ता हस्तांतरण कायदा केला आणि कलम ५५ मध्ये ही गप्प बसायची सोय काढून टाकली. मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, न सांगणं ही फसवणूक, असं त्यात लिहिलं. मालकी हक्कातल्या दोषाचा स्पष्ट उल्लेख १९२९ च्या दुरुस्तीने आला.

पण हा कायदा मुंबई इलाख्याला सुरुवातीला लागूच नव्हता! तो इथे आला १ जानेवारी १८९३ ला. सार्वजनिक गणेशोत्सवामुळे आपल्या लक्षात राहिलेलं तेच हे वर्ष.

पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे पडले. नंतरच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागीही फ्लॅट आले. बिल्डरला चाप लावायला १९६३ चा महाराष्ट्राचा फ्लॅट कायदा झाला, मग २०१६ चा रेरा. रेरानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. छान! पण १९९० सालच्या इमारतीतला फ्लॅट तुम्ही आधीच्या मालकाकडून घेतलात, तर? तिथे आजही आधार त्या जुन्या कलम ५५ चाच.

आणि ते कलम, मंडळी, ‘दोष होता का?’ एवढंच विचारत नाही. ते विचारतं, कोणाला ठाऊक होतं? दोष विकणाऱ्याला माहीत हवा, तुम्हाला माहीत नसावा आणि साधारण काळजी घेऊनही तुम्हाला तो सापडण्यासारखा नसावा. छताला उघड भेग दिसत होती, तर तक्रार टिकणं कठीण. रंगाखाली दडवलेली गळती, महापालिकेची लपवलेली नोटीस, यांची गोष्ट वेगळी.

करारात वेगळं ठरवायची मुभाही हा कायदा देतो. त्यामुळे ‘मिळकत आहे त्या स्थितीत, पाहून, समाधानाने घेतली’ ही ओळ सही करण्याआधी नीट वाचा. जाणूनबुजून लपवलं असेल, तर केवळ त्या ओळीमुळे विकणारा सुटेलच असं नाही. पण तुमचं काम अवघड होतं.

मग ‘त्याला ठाऊक होतं’ हे सिद्ध कसं करायचं? चाळीस कुळं आता नाहीत, पण सोसायटीचं दप्तर आहे. गळतीच्या तक्रारीची पत्रं, सभेचं इतिवृत्त, दुरुस्तीची बिलं. मी तर म्हणेन, टोकन देण्याआधीच ती बघायला मागा. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी दोन मिनिटं बोला. आणि विकणाऱ्याला प्रश्न लेखी विचारा: गळती आहे का? नोटीस आली आहे का? लेखी उत्तर हाच पुढे पुरावा.

दोष उशिरा कळला, तरी लगेच हताश होऊ नका. फसवणुकीच्या दाव्याची मुदत साधारणपणे ती कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून मोजतात. पण वकिलाकडे लगेच जा, फोटो तारखेसकट ठेवा आणि पुरावा नोंदवून झाल्याशिवाय भिंत फोडू नका.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!