डिगिंग : डीजेंचा ऑनलाइन गाणेशोध

डिगिंग : फारसे कुणी न ऐकलेले, पण वाजताच पाय थिरकतील असे गाणे चिकाटीने हुडकण्याचे डीजेचे काम. पूर्ण नाव ‘क्रेट डिगिंग’. दुकानात रेकॉर्डी खोक्यांत उभ्या लावलेल्या असत आणि त्या एकेक चाळत बसावे लागे, त्यावरून हे नाव पडले. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट ही रेकॉर्डी अशा चाळण्याची जुनी जागा. काळा घोड्याचे रेकॉर्डींचे दुकान, ऱ्हिदम हाउस, २०१६ मध्ये बंद झाले. आज बहुतेक शोध ऑनलाइन दुकानांत चालतो.

वसई-विरारमध्ये डीजेला मुख्य काम मिळते ते हळदीचे, लग्नाचे आणि सणासुदीचे. हळदीला मागितली जाणारी आगरी-कोळी रिमिक्स गाणी सगळ्यांच्याच पेनड्राइव्हमध्ये असतात. डीजेची खरी ओळख पटते ती दोन मागणीच्या गाण्यांमध्ये तो स्वतःचे काय घालतो त्यावरून, आणि ते काही आयते हाती लागत नाही.

ते शोधण्याची ऑनलाइन दुकाने वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला सुरू झालेले बीटपोर्ट नृत्यसंगीताचेच. तिथे गाणी प्रकार, बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) आणि स्वरपट्टीनुसार लावलेली असतात. बँडकॅम्पवर कलाकार स्वतःच आपले दुकान मांडतो आणि प्रकाराची व गावाची खूणही स्वतःच लावतो. डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनी घेते, म्हणजे अनोळखी कलाकाराच्या हातात मोठा वाटा पडतो. २००० साली सुरू झालेले डिस्कॉग्ज ही मुळात रेकॉर्डींची सूची. तिच्यावर पुढे बाजार उभा राहिला.

या दुकानांत सर्चचा उपयोग सर्वांत कमी. ज्याचे नावच ठाऊक नाही ते टाइप काय करणार? खपातल्या पहिल्या शंभराची यादी तर जगातला प्रत्येक डीजे पाहतो. जाणते लोक माणसांच्या मागाने जातात. एक गाणे मनापासून आवडले की ते कोणत्या लेबलने (प्रकाशक कंपनीने) काढले ते पाहायचे आणि त्या लेबलची पहिल्यापासूनची सगळी गाणी ऐकायची. रिमिक्स कुणी केले, बास कुणी वाजवला, त्या वादकाने आणखी कुठे वाजवले, असा धागा डिस्कॉग्जवर क्लिक करत थेट १९७०च्या दशकापर्यंत नेता येतो. बँडकॅम्पवर प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रे दिसतात. त्यातल्या एखाद्याचा संग्रह उघडला, की आपल्यासारखीच आवड असलेल्या परक्या माणसाचे कपाटच समोर येते. माझ्या मते या सर्व वाटांत हीच सर्वांत फलदायी. ऐकण्याचीही रीत आहे. सुरुवातीचा नुसता ठेका सोडून गाण्याच्या मध्यावर जायचे, मग शेवट तपासायचा. आवडलेले लगेच न घेता यादीत ठेवायचे आणि चार दिवसांनी ताज्या कानांनी पुन्हा ऐकायचे.

अशा शोधाने काय घडू शकते याचे मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर त्यांनी दहा राग वाजवले. तेव्हा तिची कुणी दखल घेतली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत तिची प्रत मिळाली आणि २०१० मध्ये त्यांच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने ती पुन्हा काढली. टीबी-३०३चा तोच आवाज शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीताची ओळख ठरला, पण त्या संगीतातली पायाभूत मानली जाणारी ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड १९८७ ची. उतारवयात सिंग परदेशातल्या मंचांवर ते राग वाजवू शकले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

वसईच्या स्वतःच्या संगीताला मात्र बीटपोर्टच्या प्रकारांत खण नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावची कोळीगीते, नंदाखाल-भुईगावकडच्या कुपारी समाजाची सामवेदी बोलीतली लग्नगीते, डोंगराकडच्या वारल्यांचे तारपा हे फुंकवाद्य यांतले काही शोधायचे तर आधी नावांशी झुंज. देवनागरी नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण वेगळे स्पेलिंग करतो. ‘वेसावकर’ला कुणी आरंभी व्ही लावतो, कुणी डब्ल्यू, ‘कोळी’ आणि ‘गीत’ कुठे जोडून येतात, कुठे तोडून. म्हणून एकच नाव पाच-सहा तऱ्हांनी टाकून पाहावे. वसईसाठी ‘बसीन’ हे इंग्रजी अमदानीतले नावही टाकावे. वसई ज्यात येते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या कॅसेटच्या वेष्टनावर जिल्हा ठाणेच असतो.

गाणे सापडले तरी फाइल तपासावी लागते. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला सुमारे २.४ एमबी भरते, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल सुमारे १० एमबी. १२८ची फाइल ३२०ची करून ठेवलेली असेल तर आवाजाच्या कंपनसंख्यांच्या आलेखात बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच दिसत नाही. मोबाइलवर हा फरक कळत नाही. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर लगेच कळतो. जुन्या गाण्यांत वादक हाताने ठेका धरतात, त्यामुळे वेग किंचित हलतो आणि सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची जाळी डीजेला हाताने बसवावी लागते. सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्याचा वेग सॉफ्टवेअर कधी दीडपट वाचते, कधी दोन-तृतीयांश. तारप्याचा स्वर पेटीच्या पट्टीशी जुळेलच असे नाही. अशा वेळी पडद्यावरचा आकडा बाजूला ठेवून कानावर भरवसा ठेवावा.

विकत घेतलेल्या फाइलबरोबर ती सार्वजनिक जागी वाजवण्याचा परवाना येत नाही. मात्र प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) धार्मिक समारंभांना सूट देते आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. कवी आणि संगीतकाराचे हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे.

वसईतल्या डीजेची खोकी अजून घरोघरच्या कपाटांतही आहेत. लग्नात टेपवर उतरवलेल्या, आजीच्या आवाजातल्या कॅसेटी ओलसर हवेने बुरशी धरतात, आणि ती गाणी पाठ असलेली पिढी म्हातारी होत चालली आहे. कॅसेट फाइलमध्ये उतरवताना दोन्ही बाजू पूर्ण घ्याव्यात, मधली बोलणी कापू नयेत, वेग बदलू नये. रिमिक्स करायचेच तर ते वेगळ्या प्रतीवर, घरच्यांना विचारून. फाइलच्या नावात गाणारीचे नाव, गाव, बोली आणि साल मराठीत लिहावे, आणि सोबत इंग्रजीत एकच स्पेलिंग कायम ठेवावे.