जुने ग्राफिक्स कार्ड आणि कोरा पडदा

जुन्या संगणकाची कळ दाबली की पंखा फिरू लागतो, हार्ड डिस्कची घरघर ऐकू येते, पडदा मात्र कोराच राहतो. अशा वेळी ‘ग्राफिक्स कार्ड गेले’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. १९८१ ते साधारणपणे २००५ या काळातील यंत्रांबाबत हा घाईचा निष्कर्ष महाग पडतो. ही कार्डे आता कोठेही बनत नाहीत. भंगारात गेलेले प्रत्येक कार्ड उरलेल्या साठ्यातून कायमचे वजा होते. पडद्यावर चित्र उमटण्यासाठी वीजपुरवठा, मदरबोर्ड, स्लॉट, कार्डावरील रॉम व स्मृती, केबल आणि मॉनिटर अशी लांबलचक साखळी अखंड असावी लागते. कार्डाची मुख्य चिप ही तिच्यातील बरीच चिवट कडी आहे. म्हणून तपास बाहेरून आत न्यावा आणि कार्ड मृत ठरवण्याचा निर्णय अगदी शेवटी घ्यावा.

आधी कार्डाची ओळख

आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर १९८१ मध्ये दोन कार्डे आली. एमडीए हे केवळ अक्षरे दाखवणारे एकरंगी कार्ड, तर सीजीए हे रंगीत. १९८२ मध्ये हर्क्युलिस कार्ड आले. वान सुवन्नुकुल या अभियंत्याला आपल्या प्रबंधासाठी थाई लिपी पडद्यावर हवी होती आणि त्या गरजेतून या कार्डाचा जन्म झाला. देवनागरीसाठी पुढे ज्यांनी धडपड केली त्यांना ही गरज नवी वाटणार नाही. ईजीए १९८४ मध्ये आणि व्हीजीए १९८७ मध्ये अवतरले.

ही वंशावळ सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. व्हीजीएच्या आधीच्या चारही कार्डांची जोडणी नऊ छिद्रांची आहे. दिसायला ती एकसारखी, पण तिच्यातून जाणारे संकेत निरनिराळे आहेत. सीजीए पडद्याच्या आडव्या रेषा सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा आखते, एमडीए सुमारे १८,४०० वेळा, ईजीए आपल्या उच्च दर्जाच्या चित्रासाठी सुमारे २१,८०० वेळा, आणि व्हीजीए सुमारे ३१,५०० वेळा. मॉनिटर ज्या गतीसाठी बांधलेला असेल तीच गती त्याला हवी. चुकीची जोडी जुळवली तर पडदा काळा राहील किंवा चित्र तिरके फाटलेले दिसेल. आयबीएमचा ५१५१ हा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर तर आडव्या रेषांसाठी सर्वस्वी कार्डाच्या संकेतावर विसंबतो. त्याला सीजीए कार्ड जोडल्यास मॉनिटरच जळण्याचा धोका असतो. तेव्हा नऊ छिद्रांची केबल बसली म्हणजे जोडी जुळली, असे मानू नये. कार्डाचा व मॉनिटरचा क्रमांक वाचून खात्री केल्यावरच वीज द्यावी. नऊ छिद्रांतून पंधरा छिद्रांत नेणारा साधा अडॅप्टर मिळतो, पण त्याने काम होत नाही. जुने संकेत अंकीय स्वरूपाचे आहेत आणि व्हीजीएचे अॅनालॉग, शिवाय गतीही वेगळी. आजच्या सपाट पडद्यावर सीजीए पाहायचे असेल तर गती बदलणारे रूपांतरक यंत्र मध्ये घालावे लागते.

जोडणीचा घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. संगणकाच्या मागे नऊ टाचण्या बाहेर आलेली जोडणी दिसली तर ती बहुधा सीरियल पोर्टची असते. चित्राची जोडणी छिद्रांची असते. पंधरा छिद्रे दोन ओळींत असतील तर तो बहुतेक वेळा जॉयस्टिकचा पोर्ट. व्हीजीएची छिद्रे तीन ओळींत असतात.

१९९६ मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्स व्हूडू कार्डाविषयी तर गैरसमज ठरलेलाच. हे कार्ड फक्त त्रिमितीय खेळांची चित्रे काढते. डॉस किंवा विंडोजचा नेहमीचा पडदा दाखवणे हे त्याचे कामच नव्हे. त्यासाठी दुसरे साधे कार्ड लागते आणि त्या कार्डाचे चित्र एका आखूड केबलने व्हूडूमधून मॉनिटरकडे नेतात. ही केबल हरवलेली असते आणि कार्ड ‘मेलेले’ म्हणून विकले जाते. १९९८ च्या व्हूडू २ चीही रचना अशीच आहे.

दिवा, शिट्टी आणि अंधारात टंकलेखन

जोडी बरोबर असूनही चित्र नसेल, तर काहीही उघडण्यापूर्वी यंत्र काय सांगते ते ऐकावे. व्हीजीए काळातील उत्तरार्धाच्या मॉनिटरचा दिवा संकेत नसताना पिवळा किंवा लुकलुकता असतो आणि संकेत मिळताच स्थिर हिरवा होतो. दिवा हिरवा झाला पण पडदा काळा, याचा अर्थ आडव्या-उभ्या रेषांचे संकेत पोहोचत आहेत. म्हणजे कार्ड निदान अर्धे तरी जिवंत आहे. अशा वेळी केबलच्या टाचण्या भिंगाखाली पाहाव्यात. लाल, हिरवा व निळा हे रंग पहिल्या तीन टाचण्यांतून, तर रेषांचे संकेत तेराव्या व चौदाव्या टाचणीतून जातात. एक टाचणी वाकून आत दबली तरी एक रंग नाहीसा होतो. कार्ड बंद असताना पहिल्या तीन छिद्रांपैकी प्रत्येक आणि जमीन यांच्यातील रोध मोजावा. तो सुमारे ७५ ओहम भरायला हवा. एका रंगाचे माप फार वेगळे आले तर दोष कार्डाच्या त्या शेवटच्या टप्प्यात आहे.

दुसरी साक्ष आवाजाची. आयबीएम व अवॉर्ड बायॉसची एक लांब व दोन आखूड शिट्ट्या ही खूण चित्रकार्डाची तक्रार आहे. एएमआय बायॉसच्या आठ आखूड शिट्ट्या कार्डावरील स्मृतीकडे बोट दाखवतात. ही खूण ऐकली म्हणजे प्रोसेसर, मुख्य स्मृती आणि बायॉस एवढा भाग चालू आहे, हेही आपोआप कळते. शिट्टी मुळीच नाही आणि पडदाही कोरा, असे असेल तर संशय कार्डापेक्षा मदरबोर्डवर किंवा वीजपुरवठ्यावर धरावा. आधी भोंगा जोडलेला आहे ना, ते मात्र पाहावे.

तिसरी युक्ती फारशी कोणी वापरत नाही, आणि ती सर्वांत सोपी आहे. यंत्र सुरू करून मिनिटभर थांबावे आणि नम लॉकची कळ दाबावी. कळफलकाचा दिवा लागतो-विझतो, फ्लॉपी ड्राइव्ह एकदा खरडून शांत होते, आणि अंधारात डॉसची फ्लॉपीतील यादी मागण्याची आज्ञा टंकली की ड्राइव्हचा दिवा पेटतो, तर संगणक पूर्ण सुरू झाला आहे. उणीव फक्त चित्राची आहे.

मूळ पीसी व एक्सटी यंत्रांत पडद्याचा प्रकार मदरबोर्डवरील बारीक स्विचांनी सांगावा लागतो. पहिल्या स्विच-गटातील पाचवा व सहावा स्विच त्यासाठी राखून ठेवलेले असतात. दोन्ही बंद म्हणजे एमडीए. दोन्ही चालू म्हणजे स्वतःचे रॉम असलेले ईजीए किंवा व्हीजीए. अनेक २८६ मदरबोर्डांवर रंगीत की एकरंगी हे ठरवणारा जंपर असतो. कार्ड बदलले आणि स्विच तसेच राहिले, की पडदा कोरा राहिलाच म्हणून समजा.

गंज

गोव्यात आणि एकंदर कोकणपट्टीत ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत, त्यांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. दमट हवा आणि समुद्राचे क्षार एकत्र आले की तांबे, कथील आणि लोखंड यांना गंज चढतो. सोन्याच्या मुलाम्यालाही सूक्ष्म छिद्रे असतातच. कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेले यंत्र खाली उतरवून लगेच वीज देणे हा अविचार आहे. आवरण काढून ते दोन-चार दिवस कोरड्या, वाऱ्याच्या खोलीत ठेवावे. आतली कोळ्यांची जाळी आणि घुशी-झुरळांचे अवशेष मऊ ब्रशने काढावेत.

मग कार्ड बाहेर घ्यावे. कडेच्या सोनेरी पट्ट्या मळकट दिसत असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसाव्यात. खोडरबराने घासण्याची रीत सर्वत्र आहे. पेन्सिलीचा मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालतो, शाईचा खरखरीत मात्र सोने खरवडून काढतो आणि मग गंजाला दारच उघडते. रंगाचे थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव वापरू नये. स्लॉटच्या आतही तितकीच घाण असते. ८ बिटांच्या आयएसए स्लॉटला ६२ संपर्क आहेत, १६ बिटांच्या जोडस्लॉटला आणखी ३६, आणि त्यांतील एकजरी आंधळा झाला तरी कार्ड गप्प बसू शकते. अल्कोहोल लावलेले स्वच्छ कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर केले की स्लॉट बराच साफ होतो.

कार्ड परत बसवताना एक गंमत लक्षात ठेवावी. मागचा धातूचा पत्रा स्क्रूने आवळला की कार्डाचे दुसरे टोक किंचित वर उचलले जाते. एजीपी कार्डांत हा प्रकार विशेष. स्क्रू आवळल्यावर दुसरे टोक पुन्हा दाबून पाहावे.

सॉकेटात बसवलेल्या चिपाही कालांतराने वर सरकतात. यंत्र तापते, थंड होते, आणि प्रत्येक फेरीत चिप केसभर उचलली जाते. रॉम व स्मृतीच्या चिपा अंगठ्याने सरळ दाबाव्यात. पाय काळे पडले असतील तर चिप काढून पाय स्वच्छ करावेत. काढण्यापूर्वी तिची खाच कोणत्या दिशेला आहे याचे छायाचित्र घ्यावे.

३८६ आणि ४८६ मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते, तिचे द्रव मदरबोर्डाच्या बारीक तारा खाते, आणि जवळचे स्लॉट निकामी होतात. कार्डाला दोष लागतो, प्रत्यक्षात गुन्हेगार बॅटरी असते. हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसली की बॅटरी कापून काढावी, तो भाग पांढऱ्या व्हिनेगरने, नंतर शुद्ध पाण्याने व शेवटी अल्कोहोलने पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. तुटलेल्या तारा मल्टिमीटरने तपासून बारीक वायरने सांधता येतात.

कार्डावरचे छोटे भाग

यंत्र मुळी सुरूच होत नाही, आणि कार्ड काढले की सुरू होते, असे असेल तर कार्डावर शॉर्ट आहे. १९८० च्या दशकातील कार्डांवर थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर असत. म्हातारपणी ते आतून जुळतात. कार्ड बाहेर काढून ५ व १२ व्होल्टच्या पट्ट्यांचा जमिनीशी रोध मोजावा. जवळजवळ शून्य आला तर असा एखादा कपॅसिटर शोधून बदलावा. नवा लावताना अधिक टोक उलट झाले तर तो पेट घेतो. नव्या शतकाच्या आरंभीच्या कार्डांवर दंडगोल कपॅसिटर फुगलेले किंवा तळाशी ओघळलेले दिसतात. तेही बदलण्याजोगे आहेत.

ईजीए व व्हीजीए कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम रॉममध्ये असतो. काचेची खिडकी असलेल्या रॉमवरील कागदी पट्टी गळून पडली असेल, तर अतिनील प्रकाशाने त्यातील मजकूर हळूहळू पुसला जातो. मुख्य चिप धडधाकट असूनही मग संगणक कार्डाला ओळखतच नाही. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या कार्डातील मजकूर मिळवून प्रोग्रॅमर यंत्राने नवी रॉम लिहिता येते.

१९९७ मध्ये आलेल्या एजीपी कार्डांबाबत खबरदारी वेगळी. आरंभीची कार्डे ३.३ व्होल्टची, नंतरची १.५ व्होल्टची. खाचांची जागा वेगळी असल्याने चुकीचे कार्ड बसू नये अशी योजना होती, पण काही उत्पादकांनी खाचा चुकीच्या पाडल्या. इंटेलच्या ८४५ व ८५० चिपसेटचे मदरबोर्ड केवळ १.५ व्होल्ट मानतात, त्यांत ३.३ व्होल्टचे कार्ड गेले तर मदरबोर्डच दगावू शकतो. खाचेवर न विसंबता क्रमांक पाहावा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे चमत्कार आंतरजालावर वाचायला मिळतात. त्या उष्णतेने चिपखालचे सांधे काही दिवस जुळतात, पण कपॅसिटर व प्लास्टिक बिघडते, आणि ज्या भट्टीत शिशाचे डाग पडले ती स्वयंपाकाची राहत नाही. हा उपाय नव्हे. मॉनिटरच्या काचनळीत हजारो व्होल्ट साठून राहतात. जाणकाराखेरीज कोणी तो उघडू नये.

यंत्रातील मजकूर एवढीच निकड असेल, तर कार्डाच्या मागे लागण्याचे कारणच नाही. हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडावी आणि तिची संपूर्ण प्रत घ्यावी. कार्यालये व छापखान्यांच्या जुन्या डिस्कांवर सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळातील मराठी मजकूर सापडू शकतो. तो इस्की संकेतप्रणालीत असल्यास नव्या पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग दिसते. ती फाइल खराब समजून पुसू नये, युनिकोडमध्ये तिचे रूपांतर करता येते.

हे सर्व करूनही पडदा कोराच राहिला, तर कार्ड दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या यंत्रात लावावे आणि त्या यंत्रातील कार्ड इथे आणावे. दोष कार्डाबरोबर गेला तरच ते निकामी मानावे. अशा कार्डाच्या स्मृतीच्या चिपा, रॉम, क्रिस्टल आणि मागचा पत्रा वेगवेगळ्या पाकिटांत, क्रमांक लिहून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवून द्यावेत.