हिरा सर्वात कठीण असतो, मग हातोडीच्या एका घावात फुटतो कसा?

खरा हिरा ओळखायचा असेल तर त्यावर हातोडी मारून बघा, फुटला तर तो नकली, असा सल्ला आजही ऐकायला मिळतो. ही समजूत फार जुनी आहे. ऐरणीवर हिरा ठेवून घाव घातला तर उलट ऐरणच फुटते, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. तुकोबांच्या एका अभंगातही घणाखाली वाचणारा हिरा येतो, पण तिथे मुद्दा माणसाच्या पारखेचा आहे. हा प्रयोग घरी केलात तर खऱ्या हिऱ्याचाही चुरा होऊ शकतो.

गोंधळ 'कठीण' या शब्दामुळे होतो. 1812 मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रिडरिश मोह्स यांनी खनिजांना 1 ते 10 असे क्रमांक दिले. कसोटी एकच होती, कोण कोणावर ओरखडा पाडू शकतं? हिरा 10 वर, माणिक आणि नीलम 9 वर. दिसायला फरक एका अंकाचा, पण प्रत्यक्ष मोजमापात हिरा माणकाच्या जवळपास चौपट कठीण भरतो. मात्र ओरखडा न पडणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. घाव सोसायला चिवटपणा लागतो, आणि त्यात साधं पोलाद हिऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. पोलाद वाकतं, दबतं. हिऱ्याला वाकणं जमत नाही. शिवाय लाकूड जसं रेषेत फाटतं, तसा हिरा चार ठराविक दिशांना सहज दुभंगतो.

कारागीर याचाच फायदा घेत आले आहेत. 1905 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 3,106 कॅरेटचा, म्हणजे सुमारे 621 ग्रॅमचा कलिनन हिरा सापडला. 1908 मध्ये अॅमस्टरडॅमच्या जोसेफ अॅशर यांनी त्यात आधी खाच पाडली, तिच्यात पोलादी पातं बसवलं आणि घाव घातला. पहिल्यांदा पातंच मोडलं. पुढच्या प्रयत्नात हिरा हवा तसा दुभंगला.

इतका कठीण, मग जड का नाही?

एक घनसेंटीमीटर सोनं 19.3 ग्रॅम भरतं, शिसं 11.3, लोखंड 7.9. हिरा फक्त 3.52 ग्रॅम! माणिकसुद्धा त्याच्यापेक्षा जड, साधारण 4 ग्रॅम.

गंमत म्हणजे तेवढ्याच जागेत हिऱ्यात लोखंडाच्या दुपटीहून जास्त अणू असतात. पण कार्बनचा अणूच हलका, लोखंडाच्या अणूच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका. त्यामुळे दाटी असूनही वजन कमी. काठिण्य येतं ते अणूंच्या पकडीतून. हिऱ्यात प्रत्येक अणू चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट हेही कार्बनच, पण त्याचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. म्हणून ते कागदावर घासलं की उतरतं. त्याची घनताही 2.2 च्या आसपासच.

खरेदी करताना मात्र घनतेचा हा आकडा हातोडीपेक्षा फार उपयोगी. 6.5 मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा साधारण 1 कॅरेट भरतो. तेवढाच क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे बोलीभाषेतला अमेरिकन डायमंड, दीडपटीहून जड निघतो. मॉइसनाइट थोडा हलका असतो. तो उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे फक्त उष्णता तपासणारं साधं यंत्र त्यालाच हिरा ठरवू शकतं. अर्थात वजनाची ही परीक्षा सुट्या खड्यावरच करता येते, दागिन्यात जडवलेल्यावर नाही. आणि प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा यात पकडला जात नाही, कारण तोही हिराच, घनता आणि काठिण्य दोन्ही तेच. तो ओळखायला रत्नपरीक्षेची प्रयोगशाळाच लागते.

घरातल्या हिऱ्याच्या अंगठ्या आणि कुड्या बाकीच्या दागिन्यांपासून वेगळ्या ठेवायला सांगतात तेही याचसाठी. एकाच डबीत राहिल्या तर सोन्यावर, माणकांवर आणि दुसऱ्या हिऱ्यावरही ओरखडे पडतात.