'प्रोरोग' : एक तळटीप

* 'प्रोरोग' : मूळ लॅटिन 'प्रोरोगारे', म्हणजे मुदत वाढवणे. रोममध्ये अधिकाऱ्याचा सेनाधिकार लांबवला जाई, तो याच शब्दाने. इंग्रजीत 'लांबवणे', 'पुढे ढकलणे' असे करत आज हे क्रियापद संसदेचे सत्र संपवण्यापुरतेच उरले आहे. कर्ता ब्रिटनमध्ये राजा वा राणी. भारतात राष्ट्रपती (अनुच्छेद ८५), राज्यात राज्यपाल (अनुच्छेद १७४). पीठासीन अधिकारी बैठक 'तहकूब' करतो, 'विसर्जन' सभागृहाचेच होते. 'प्रोरोग' या दोहोंच्या मधले. म्हणून येथे विधिमंडळात रुळलेला 'संस्थगित करणे' हा शब्द योजला आहे. संसदेचे सत्र असे संपले तरी आपल्याकडे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही (अनुच्छेद १०७). ब्रिटनमध्ये सहसा होते. – संपा.